वृद्धाश्रम कसा पारखावा?

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांच्या चिरंजीवांनीं आम्हांस बंगळूरहून दूरध्वनि केला. "काका, बाबांना आतां एकटें ठेवण्याचें धैर्य होत नाहीं. इकडे येण्यास ते तयार नाहींत. पालघर-बोईसरकडे दोन-तीन वृद्धाश्रम चांगले आहेत असें ऐकतों. तुम्ही एकदां पाहून या. तुम्ही सांगाल तेथें व्यवस्था करूं." हे सहकारी गणिताचे शिक्षक, सारी नोकरी बोईसर येथेंच झाली. वय ७८, पत्नी निवर्तून चार वर्षें झालीं, काचबिंदूनें दृष्टि मंदावली आहे, आणि अलीकडे दोन वेळां गॅसची शेगडी पेटतीच राहिली. चिरंजीव वाईट नाहींत. त्यांची नोकरी दूर, सूनबाईंची नोकरी तेथेंच, मुलांच्या शाळाही तेथेंच. तेव्हां कोणास दोष देत बसण्यापेक्षां स्थळ नीट पारखणें हेंच खरें कर्तव्य, असें मनाशीं ठरवून आम्ही निघालों. त्या शोधांत जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण हा प्रश्न आज ना उद्यां पुष्कळ घरांच्या उंबरठ्याशीं येणार आहे.

आमच्या या भागांत तर तो येऊन ठेपलाच आहे. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं वीज देऊं लागलें. पुढें बोईसरलगत औद्योगिक वसाहत वाढली. त्या सुमारास गांवोगांवचे तरुण नोकरीसाठीं येथें आले, त्यांनीं घरें बांधलीं, मुलें शिकविलीं. आणि शिकलेलीं मुलें, जशीं ते स्वतः आपलीं गांवें सोडून आले होते, तशींच पुढें निघून गेलीं. तेव्हांचे पंचविशींतले तरुण आज ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांतच २०१३ पासून मुंबईच्या उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत येऊं लागल्यामुळें, जागा शांत असावी पण मुलांना रविवारीं येतां यावें, असा विचार करणारीं मुंबईचीं कुटुंबेंही इकडे पाहूं लागलीं आहेत.

'वृद्धाश्रम' हा शब्द उच्चारला कीं आपल्याकडे अजून मान खालीं जाते. परंतु शब्द मुळांत हीन नाहीं. 'वृद्ध' हें रूप 'वृध्' म्हणजे वाढणें या धातूचें. वृद्ध म्हणजे जीर्ण नव्हे, तर वाढलेला, परिपक्व झालेला. 'आश्रम' शब्दांत 'श्रम' आहे. ज्या स्थळीं मनुष्य आपल्या वयास योग्य असे श्रम करतो तो आश्रम. वानप्रस्थाची कल्पना तर आपल्या शास्त्रांत फार जुनी. मात्र एक भेद विसरतां कामा नये. वानप्रस्थी स्वतःच्या पायांनीं आणि स्वतःच्या इच्छेनें निघत असे. आज वृद्धास दुसरे कोणी नेऊन ठेवतात. हा भेद जितका कमी करतां येईल तितका करावा. म्हणून स्थळ पाहण्यापूर्वींची पहिली अट ही, कीं ज्यांस तेथें राहावयाचें आहे त्यांचें मत प्रथम विचारावें.

आमच्या हातून पूर्वीं एक चूक घडली आहे, ती येथें सांगितली पाहिजे. आमच्या वडील बहिणीस, अक्कांस, आठ वर्षांपूर्वीं अशाच एका संस्थेंत ठेवण्याची वेळ आली. आम्ही एका रविवारीं सकाळीं अकरा वाजतां ती जागा पाहून आलों. संगमरवरी फरशी, अंगणांत तुळशीवृंदावन, देवघरांत समई, पानांत वरण-भात आणि वर तूप. आम्ही तृप्त होऊन परतलों. पुढें पांचव्या महिन्यांत एका रात्रीं अक्का न्हाणीघराकडे जातांना त्याच फरशीवर पडल्या. घंटेचें बटण दाराशेजारीं होतें, अंथरुणापासून सहा हात दूर. रात्रीं जागा असा एकच मनुष्य, तोही फाटकापाशीं. त्या पहांटे साडेपांचापर्यंत तशाच पडून राहिल्या. खुब्याचें हाड मोडलें होतें. त्यांतून त्या उठल्या नाहींत. संस्थेचा दोष होताच, परंतु "रात्रीं जागें कोण असतें?" हा प्रश्न आम्हीं विचारला नव्हता, हा दोष आमचा. या खेपेस तोच प्रश्न सर्वांत आधीं विचारला.

म्हणून आमची पहिली कसोटी रात्रीची. पाहुण्यांच्या वेळेस सर्वच घरें आवरलेलीं असतात. स्थळ एकदां सांगून पहावें, आणि एकदां न सांगतां, तेंही संध्याकाळीं आठानंतर किंवा पहांटे. रात्रपाळीला किती माणसें असतात, त्यांपैकीं स्त्रिया किती, आणि त्यांना परिचर्येचें शिक्षण आहे कीं केवळ झाडलोटीचें, हें स्पष्ट विचारावें. घंटेचें बटण अंथरुणावर पडल्यापडल्या हातास लागतें काय, हें स्वतः आडवें होऊन पहावें. मग ती घंटा दाबावी आणि घड्याळ पहावें. आम्हीं तिन्ही ठिकाणीं असें केलें. एके ठिकाणीं दोन मिनिटांत बाई धांवत आल्या, दुसरीकडे सात मिनिटें लागलीं, तिसऱ्या ठिकाणीं घंटा वाजलीच नाहीं, आणि व्यवस्थापक म्हणाले, "आजच बिघडली."

दुसरी कसोटी, जो सर्वांत असहाय त्याच्याकडे पाहण्याची. हिंडते-फिरते वृद्ध कोठेंही बरे दिसतात. जो अंथरुणास खिळला आहे, ज्याची स्मृति गेली आहे, आणि ज्यास भेटावयास कोणीही येत नाहीं, त्याची खोली दाखवा, असें म्हणावें. त्याचीं नखें कापलेलीं आहेत काय, चष्म्याची कांच पुसलेली आहे काय, पाण्याचें भांडें हातापाशीं आहे कीं शोभेसाठीं दूर मेजावर, हें पहावें. अंथरुणास खिळलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनीं बदलावी लागते. तसें न केल्यास टाचांवर व माकडहाडापाशीं शय्याव्रण म्हणजे पडून राहिल्यानें होणाऱ्या जखमा होतात. अशा जखमा किती जणांस आहेत, हें न लाजतां विचारावें. दुपारीं सगळेच गाढ झोंपलेले दिसले तर झोंपेचें औषध कोणाच्या सल्ल्यानें दिलें जातें, हेंही विचारावें. भिंतीला पाठ लावून ओळीनें बसविलेलीं आणि एकमेकांशीं न बोलणारीं माणसें हें शांततेचें लक्षण नव्हे.

तिसरी कसोटी अन्नाची. एक दिवसाचें पान चाखून कांहीं कळत नाहीं, हें अक्कांच्या बाबतींत आम्हीं शिकलों. त्यापेक्षां, दर महिन्यास प्रत्येकाचें वजन करून लिहून ठेवतां काय, असें विचारावें. वजन सारखें घटत असेल तर पदार्थ कितीही असोत, ते पोटांत जात नाहींत हें उघड आहे. दांत नसलेल्यांस भाकरी कुसकरून कोण देतें, मधुमेहींचें पान वेगळें असतें काय, एकादशी करणाऱ्या आजींना दिवसभर उपाशी तर राहावें लागत नाहीं ना, या गोष्टी स्वयंपाकघरांत उभे राहून विचाराव्या. घरीं ज्यांस पहांटे चार वाजतां चहा लागतो त्यांस तो तेथें मिळेल काय, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु म्हातारपणीं मनुष्य अशा लहान संवयींवरच उभा असतो.

चौथी कसोटी 'आश्रम' शब्दांतल्या श्रमाची. वृद्धास दिवसभर करावयास कांहींच नसणें हें सुख नव्हे, ती शिक्षा आहे. एके ठिकाणीं आम्हीं पाहिलें कीं दोन आजी भाजी निवडीत होत्या आणि एक निवृत्त टपालमास्तर कामवाल्या बाईंच्या मुलीस पाढे म्हणावयास लावीत होते. तेथील भिंतींना रंग नव्हता, पण माणसांच्या चेहऱ्यांवर होता.

पांचवी कसोटी आजाराची आणि आपत्तीची. रोगी अंथरुणास खिळला तर ठेवून घेणार कीं घरीं घेऊन जा म्हणणार, हें प्रवेशापूर्वींच लेखी घ्यावें. डॉक्टर किती दिवसांनीं येतात, जवळचें रुग्णालय किती अंतरावर, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दारापर्यंत येऊं शकते काय, हें पहावें. आमच्या भागांत आणखीही विचारावें लागतें. पावसाळा येथें जबर; वीज गेल्यावर पाण्याचा पंप आणि रात्रीचे दिवे कशावर चालतात? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे लहानमोठे धक्के वारंवार बसले आणि पुष्कळांनीं रात्री तंबूंत काढल्या. जानेवारी २०२० मध्यें तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत स्फोट होऊन माणसें दगावलीं. अशा वेळीं वरच्या मजल्यावरचे न चालणारे वृद्ध कोण व कसे खालीं आणणार? एके ठिकाणीं या प्रश्नावर व्यवस्थापक हंसले. जेथें या प्रश्नावर हंसतात तेथें आपलें मनुष्य ठेवूं नये.

सहावी कसोटी पैशाची. अनामत रक्कम किती, ती मृत्यूनंतर किंवा सोडून गेल्यास किती दिवसांत परत, दरमहाच्या शुल्कांत औषधें व लंगोट येतात काय, शुल्कवाढ कशी होते, हें सारें कागदावर असावें. निवृत्तिवेतनाचें पुस्तक आणि बँकेचें कार्ड वृद्धाच्याच ताब्यांत राहावें. नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेव्हां बँकेंत कोण नेतें तेंही विचारावें. संस्थेच्या नांवें मृत्युपत्र किंवा दानपत्र करण्याचा आग्रह कोणीं धरल्यास तेथून उठावें.

कायद्याचा आधार पुष्कळांस ठाऊक नसतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठीं व कल्याणासाठीं २००७ सालीं केंद्राचा कायदा झाला. त्याच्या १९ व्या कलमांत प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक, १५० निराधार वृद्धांची सोय होईल असें, सरकारी वृद्धगृह असावें अशी योजना आहे. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. तेव्हां ही मागणी आपण नागरिकांनींही केली पाहिजे. 'माझा सांभाळ करशील' या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास रद्द करून घेतां येते, असें २३ वें कलम सांगतें. आणि वृद्धास टाकून देणें हा २४ व्या कलमानें गुन्हा आहे. सरकारी वृद्धगृहांसाठीं केलेल्या नमुना-नियमांत माणशीं साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारें ऐंशी चौरस फूट, निजण्याची जागा सांगितली आहे. खासगी स्थळें पाहतांनाही हें माप मनांत ठेवावें. आम्ही खिशांत टेप घेऊन गेलों होतों. एका संस्थेच्या खोलींत तें माप निम्म्यानेंही भरलें नाहीं. अडचणींतील ज्येष्ठांसाठीं १४५६७ या क्रमांकावर सरकारी साहाय्यसेवाही आहे.

या सर्वांनंतर आम्हीं तिन्ही ठिकाणीं एक शेवटचा प्रश्न केला: "गेल्या वर्षांत आपल्याकडे किती जण पडले?" पहिल्या दोन ठिकाणीं उत्तर आलें, "एकही नाहीं." तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनीं नोंदवही उघडली. सहा जण पडले होते. कोण, केव्हां, कोठें, पुढें काय केलें, सारें लिहिलेलें होतें; आणि तिसऱ्या नोंदीनंतर न्हाणीघरांत लोखंडी कठडा बसविल्याची तारीखही होती. चाळीस म्हातारीं माणसें राहतात तेथें वर्षभरांत कोणीच पडत नाहीं हें संभवनीय नाहीं. ज्या घरांत चूक लिहून ठेवतात तेथें ती सुधारण्याची आशा असते. शाळेंत चाळीस वर्षें वह्या तपासून आम्हीं हेंच शिकलों. घंटा दाबतांच ज्या बाई धांवत आल्या होत्या, त्या याच घरच्या. भाजी निवडणाऱ्या आजीही येथल्याच.

या घरांत उणीवा आहेत. खोल्या साध्या, आगगाडीचा आवाज रात्रभर, आणि ग्रंथालय म्हणजे जुन्या दिवाळी अंकांचें एक कपाट. तरीही आम्हीं चिरंजीवांस हेंच सुचविलें; आणि प्रथम दोन महिने केवळ राहून पहावें, घर विकूं नये, असेंही सांगितलें. महिन्यांतून एकदां न कळवितां जाण्याचें आम्हीं स्वतः कबूल केलें आहे. कारण ज्याच्याकडे कोणी येत-जात असतें त्याची काळजी अधिक घेतली जाते, हें कटु असलें तरी खरें आहे. कोणतीही कसोटी आप्तांच्या पावलांची जागा घेऊं शकत नाहीं.

मग आमच्या मित्रांकडे गेलों. कसोट्यांचा कागद त्यांस वाचून दाखविला. ते सारें शांतपणें ऐकत होते. शेवटीं म्हणाले, "मास्तर, हें सर्व ठीक. मला एवढेंच सांगा, खोलीच्या दाराला कडी आंतून आहे कीं बाहेरून?"

आम्ही निरुत्तर झालों. खिशांत टेप होती, पण कडी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें पुन्हां गेलों. कडी आंतून होती. आणि अडल्या वेळीं बाहेरून उघडतां यावी अशी सोय असलेली होती. त्यांस तसें कळविलें, तेव्हां ते म्हणाले, "मग चला."

वाचकहो, आमच्या यादींत ही कसोटी आतां सर्वांत वर लिहिली आहे. आणि ती आम्हांस सुचली नव्हती. ज्यांस तेथें राहावयाचें आहे त्यांनींच ती सांगितली, हेंही शेजारीं लिहून ठेविलें आहे.