छन्न्याला विज्ञानाचं प्रमाणपत्र कशाला?



आज थोडं रागानेच लिहितेय. आपल्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला: ‘छन्न्याचं पाणी सर्व रोगांपासून वाचवतं, विज्ञानानेही मान्य केलं!’ खाली हात जोडलेल्यांची रांग. मी जोडले नाहीत.

मागच्या वर्षी यात्रेहून आल्यावर माझ्या भाच्याला कावीळ झाली. कुठलं पाणी बाधलं, सांगता येत नाही. पण ‘गाळलेलं आहे ना, मग द्या’ म्हणत आम्हीच त्याला जागोजागी पाजलं होतं. उकळायचा कंटाळा आमचा आणि नाव मात्र धर्माचं.

विज्ञानाने नेमकं काय मान्य केलंय? बांगलादेशातल्या मतलब भागात बायकांनी जुन्या सुती साडीच्या चार पदरांतून पाणी गाळलं, तेव्हा कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात. ते जीव कापडात अडकले की जंतूही अडकतात. वापरून मऊ झालेल्या साडीचे धागे सुटून छिद्रं आणखी बारीक होतात, म्हणून जुनीच साडी चांगली.

वाचून मलाही आनंद झाला. पण चार पदरांची छिद्रंसुद्धा साधारण २० मायक्रॉनची. सुटा जंतू १ मायक्रॉनच्या आसपास, काविळीचा विषाणू त्याहून कितीतरी लहान. ते आपल्या दुहेरी छन्न्यातून आरामात पार होतात. त्यांना उकळीच हवी, पाणी खळखळून उकळलेलं.

आता दुसरी बाजू. आमच्या जाऊबाई म्हणतात, “आरओ बसवलाय, आता छन्ना कशाला?” अहो, मशीन आपल्या पोटाची काळजी घेतं. त्यात अडकलेले जीव तिथेच मरतात आणि फिल्टर कचऱ्यात जातो. छन्ना उलटा करून, गाळलेलं पाणी वरून सोडून, जिवाणी अलगद परत विहिरीत पोचवणं कुठल्या मशीनला येतं?

म्हणजे दोन्हीकडे घोळ एकच. छन्ना आपल्याला वाचवण्यासाठी नव्हताच, तो त्यांना वाचवण्यासाठी होता. दयेला आपण आरोग्याचा उपाय करून टाकलं. उद्या कुणी म्हटलं की कापडाने काही फायदा होत नाही, तर दया सोडून देणार का?

उकळण्यात हिंसा नाही, असं मी म्हणत नाही. आपण गृहस्थ आहोत, चूल पेटवतोच. पण त्यागी उकळलेलंच पाणी घेतात, आणि गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं, हे आपणच मुलांना शिकवतो. मग सकाळी गाळलेली कळशी संध्याकाळपर्यंत कशी चालते?

आमच्या घरी आता क्रम ठरलाय. आधी गाळायचं, जिवाणी आडात सोडायची, मग उकळायचं. गाळणं त्यांच्यासाठी, उकळणं लेकरांसाठी. यात्रेला थर्मास सोबत.

आणि तो मेसेज पुन्हा आला, तर हात जोडू नका. पुढे तर अजिबात पाठवू नका.