आत्याचा डावा हात

आठवड्यातून दोनदा आत्याचं डायलिसिस असतं. घरात सगळ्यांना कौतुक मशीनचं. मला तर जास्तच, इंजिनिअर होणार ना! पण मशीन बिघडलं तर शेजारचं मिळतं. हाताचं तसं नाही.

हातातल्या साध्या शिरेतून मिनिटाला 300 मि.ली. रक्त खेचता येत नाही. म्हणून मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. धमनीचं प्रेशर मिळालं की दीड-दोन महिन्यांत शीर फुगते, जाड होते आणि मग तिच्यात सुया टोचता येतात. हाच फिस्च्युला. न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो वगैरे डॉक्टरांनी ही युक्ती 1966 मध्ये मांडली. आजही पहिली पसंती शक्यतो तिलाच असते. (फ्लुइड मेकॅनिक्स असं शिकवलं असतं तर माझी केटी लागली नसती!)

त्यावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. आत्या म्हणते, "माझी मोटार चालू आहे रे."

मागच्या वर्षी गल्लीतल्या तपासणी शिबिरात कुणीतरी त्याच हाताला बीपीचा पट्टा बांधला. आत्या भिडस्त, बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डायलिसिसला गेली तर थरथर गायब. आत गुठळी. पट्ट्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मधले दोन दिवस कुणी हात लावून पाहिलाच नाही. मी सुट्टीवर घरीच होतो, मीसुद्धा नाही. लगेच पळालो असतो तर फिस्च्युला वाचण्याची बरीच आशा होती. मग मानेत कॅथेटर, आंघोळीची पंचाईत आणि इन्फेक्शनची सततची धास्ती. नवा फिस्च्युला उजव्या हाताला केला. अशा जागा शरीरात मोजक्याच असतात.

मशीन दान केलं की पेपरात फोटो येतो. हात सांभाळायला शिकवल्याचा फोटो कोण छापणार? आम्हाला एक कागद मिळाला होता, इंग्रजीत. त्यावर सगळं होतं: या हाताला बीपी नको, सलाईन नको, रक्त काढणं नको, घट्ट बांगडी नको, त्यावर झोपू नका, थरथर रोज तपासा, थांबली तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. घरात तो धड वाचू शकणारा मी एकटाच, कॉन्व्हेंटवाला. आणि मी तो ड्रॉवरमध्ये टाकला.

माझं म्हणणं एवढंच, की असा कागद मराठीत हवा आणि घरच्यांचा हात धरून ती थरथर दाखवायला हवी. आपल्या एन.एस.एस. कॅम्पातही बीपीचं टेबल असतं. पट्टा गुंडाळण्याआधी "डायलिसिस चालू आहे का? कुठल्या हाताला?" हे विचारायला पाच सेकंद लागतात. यंदा त्या टेबलावर ड्यूटी मी मागून घेतली आहे. कागदाचं मराठी झालंय. शुद्धलेखन तेवढं कुणीतरी तपासून द्या.