साप पाळायचाय? आधी त्याचं घर, पिल्लांचं नंतर



आजचा विषय जरा वेगळा आहे. मोबाईलवरचे परदेशी व्हिडिओ बघून मुलं हल्ली कुत्र्या-मांजराबरोबर सापाचाही हट्ट धरतात. त्या व्हिडिओंत बऱ्याचदा असतो तो बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला एक लहान अजगर. "बाई, तो बिनविषारी असतो ना, मग पाळला तर काय झालं?" असं कुणी विचारलं, तर "शी, साप!" म्हणून त्या मुलाला गप्प बसवू नका. प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ भागातला. लांबी साधारण ३ ते ५ फूट. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून त्याला बॉल म्हणतात. व्हिडिओत हाच चेंडू बघून आपण "किती गोड!" म्हणतो. खरं तर तेव्हा तो जीव मुठीत धरून बसलेला असतो. प्राण्याची भीती ओळखता येणं, हा मुलांसाठी पहिला धडा.

आता घराचं बघू. मोठ्या सापाला ४ फूट लांब आणि २ फूट रुंद पेटी तरी हवी. पेटीची एक बाजू उबदार, ३१-३२ अंशांची. दुसरी थोडी थंड, २५-२७ अंशांची. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही, तो जागा बदलून ती मिळवतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना लपायला जागा हवी, नाहीतर ऊब की लपणं यातलं एकच त्याला निवडावं लागतं. हीटरला थर्मोस्टॅट नसेल तर साप भाजतो. हवा फार कोरडी असली तर कात तुकड्यातुकड्यानं निघते. झाकण घट्ट लागतं. एका पेटीत एकच साप. साप हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात.

खाणं म्हणजे उंदीर. थंडीत तो कित्येक आठवडे काही खात नाही. नवखा माणूस तेव्हा घाबरून रोज पेटी उघडतो आणि सापाचा त्रास वाढवतो. नीट ठेवलेला बॉल पायथन २० ते ३० वर्षं जगतो. म्हणजे दहा वर्षांच्या मुलासाठी आणलेला साप ते मूल चाळिशीला येईपर्यंत घरात असू शकतो! म्हणून जबाबदारी मोठ्या माणसानंच घ्यावी. मुलानं मदत करावी.

आणि पैदास? इथं माझं मत ठाम आहे. नवख्यानं त्या वाटेला जाऊच नये. मादी पुरेशी मोठी व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. वजन दीड किलोच्या आसपास असावं लागतं. अंडी उबायला जवळपास दोन महिने. मुलांना एक गणित घाला: ६ पिल्लं, प्रत्येकाला आठवड्याला एक उंदीर, वर्षाला किती? ३१२. शिवाय सहा वेगळ्या पेट्या. ही पिल्लं कोण घेणार, हे अंडी होण्याआधी ठरलेलं हवं. रंगांच्या हौसेपायीही पैदास होते. 'स्पायडर' नावाच्या नक्षीच्या सापांत जन्मतःच मेंदूशी संबंधित दोष असतो. त्यांचं डोकं डुगडुगतं, तोल जातो. दिसायला सुंदर म्हणून असा जीव मुद्दाम जन्माला घालणं मला पटत नाही.

घाना, टोगो, बेनिन या देशांतून हे साप व्यापारासाठी बाहेर जातात. त्यासाठी रानातून गाभण माद्या आणि अंडीही गोळा केली जातात. त्याच बेनिनमधल्या विदा गावात या सापांचं मंदिर आहे. तिथं साप घरात शिरला तरी कुणी मारत नाही. नागपंचमी करणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच समजेल.

आपल्याकडे कायदाही बघावा लागतो. आपला भारतीय अजगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडणं, पाळणं गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांसाठी २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली तरी कळवावं लागतं. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईला आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटं-केकच्या पुड्यांत ९ बॉल पायथन सापडले होते. कागदपत्रांशिवाय साप घेणारा अशाच प्रवासाचे पैसे भरतो.

म्हणून पालकहो, मुलानं हट्ट धरला तर लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. त्याला वहीत पेटीचा आराखडा काढू द्या, तापमान लिहू द्या, वर्षाचा खर्च मांडू द्या. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत हा साप उद्या खरंच येऊ शकतो. तिथं ही वही कामाला येईल. इथल्या बहुतेक मुलांचा हट्ट वही भरता भरता निवेल. पण सापाबद्दलची माहिती आणि माया राहील. मला वाटतं, शाळेनं एवढं केलं तरी खूप झालं.