'फ्रीक्वेन्सी'ला घाबरू नका, भुलूही नका

परवा एक आजी दवाखान्यात आल्या. चार दिवसांच्या नातवाला कावीळ झालेली. बालरोगतज्ज्ञांनी त्याला निळ्या दिव्याखाली ठेवायला सांगितलं होतं. "एवढ्याशा जिवाला रेडिएशन कशाला, डॉक्टर?" निघताना त्याच म्हणाल्या, "माझं डोकं दुखतंय, मनाच्या समाधानासाठी एक सीटी स्कॅन लिहून द्या ना!"

जिथे भीती नको तिथे भीती, आणि जिथे विचार हवा तिथे बेफिकिरी! म्हणून आज थोडं भौतिकशास्त्र.

मोबाइलच्या लहरी, प्रकाश आणि क्ष-किरण ही एकाच कुटुंबातली भावंडं. त्यांची ऊर्जा सुट्या पुड्यांमध्ये मिळते. एक पुडी म्हणजे एक फोटॉन. फ्रीक्वेन्सी, म्हणजे वारंवारता, हा त्या लहरीतलं विद्युतक्षेत्र सेकंदाला किती वेळा मागेपुढे होतं याचा आकडा. फोटॉन नावाचा इवलासा चेंडू थरथरतो, असा त्याचा अर्थ नाही. तुमच्या शरीराच्या दृष्टीने हा आकडा सांगतो, एका पुडीत ऊर्जा किती. वारंवारता दुप्पट, तर पुडीतली ऊर्जाही दुप्पट. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये हेच मांडलं. दिवा प्रखर केला तर पुड्या वाढतात, पण प्रत्येक पुडी तेवढीच राहते.

कैरी पाडायला एक नेमका दगड पुरतो. पोतंभर वाळू चिमूटचिमूट फेकली, तरी कैरी पडत नाही.

आता आकडे बघा. मोबाइलची लहर सेकंदाला साधारण २०० कोटी वेळा मागेपुढे होते. ही झाली वाळू. ती ऊतींना किंचित ऊब देते, रेणू तोडत नाही. निळ्या प्रकाशाची पुडी तिच्या सुमारे सव्वातीन लाख पट. तिने बिलिरुबिनच्या रेणूची ठेवण बदलते आणि तो शरीराबाहेर टाकता येतो. तांबडा दिवा कितीही प्रखर लावा, हे काम होणार नाही. क्ष-किरणांची पुडी निळ्याच्याही दहा हजारांहून अधिक पट. ती रेणूतून इलेक्ट्रॉन उडवते, डीएनएला इजा करू शकते. सीटी स्कॅनमध्ये हेच किरण असतात. डोक्याच्या एका स्कॅनचा डोस साधारण २ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून जगात माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिळतो. गरज असेल तेव्हा स्कॅन जरूर करा. पण 'समाधानासाठी' नको.

उलट बाळाची वाढलेली कावीळ अंगावर काढली, तर मेंदूला आणि श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते.

आणि 'शरीराची फ्रीक्वेन्सी सुधारणारी' कडी, मोबाइलला चिकटवायचे स्टिकर विकणारे भेटले, तर एवढंच विचारा: "कशाची फ्रीक्वेन्सी? सेकंदाला किती? मोजली कशाने?" उत्तर मिळेपर्यंत पाकीट खिशातच ठेवा.

आजींना मी स्कॅन लिहून दिला नाही. आधी रक्तदाब मोजला. तो वाढलेला निघाला. आणि नातवाला त्याच दिवशी दिव्याखाली ठेवायला पाठवलं.