अर्जावर तारीख घातली का?



दहावीला आपण औपचारिक पत्र शिकवतो. पुस्तकांची मागणी, रोपांची मागणी. मुलं मायना पाठ करतात, गुण घेतात आणि विसरतात. (खरं सांगायचं तर पेपर तपासल्यावर आपणही विसरतो.) पण मोऱ्यासारख्या बंदरगावात, जिथे वर्गातल्या कितीतरी घरांचं पोट खाडीवर आहे, तिथे हा धडा एवढ्यावर सोडून चालणार नाही.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. जेएनपीटी बंदराचा विस्तार, भराव आणि तिवरांची तोड यामुळे मासेमारी बुडाली, म्हणून उरण-पनवेलचे पारंपरिक मच्छीमार पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी निकाल लागला. १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्या, म्हणजे घरटी ५ लाख ८४ हजार. जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून ती द्यायची होती. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे निकाल लागला की पैसे हातात, असं नाही. हेही मुलांना सांगायला हवं.

२०१० च्या कायद्याने हे दार उघडलं. वकील न देता स्वतः उभं राहता येतं. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क हजार रुपये. भरपाई मागितली तर रकमेच्या एक टक्का, पण दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क माफ. ऐकायला छान वाटतं. आता उंबरठा बघा. वाद न्यायाधिकरणापुढे न्यायचा तर तो पहिल्यांदा उद्भवला तेव्हापासून सहा महिन्यांत, आणि भरपाईसाठी पाच वर्षांत जावं लागतं. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर वर फार तर साठ दिवस मिळतात. आणि कामकाज चालतं इंग्रजीत! खाडी जिची बुजली तिला निकाल दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. हे मला पटत नाही. अर्ज मराठीत घ्यायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो दिवस येईल तेव्हा येईल. जनसुनावणीत मात्र आजही मराठीत बोलता येतं. सुनावणीच्या आधी किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते, ती स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रातही. ती सूचना वर्गात वाचून घेतली आहे का कधी?

या सत्रात एवढं करून बघा. रोपवाटिकेऐवजी विषय द्या: ‘आमच्या खाडीत भराव पडतो आहे, तहसीलदारांना तक्रार अर्ज लिहा.’ जागा नेमकी कुठली, भराव पहिल्यांदा कधी दिसला, कोणी पाहिला, फोटो आहे का, हे सगळं त्यात यायला हवं. ‘खूप दिवसांपासून’ असं लिहिलं तर अर्धा गुण कापा. सहा महिने मोजायचे तर सुरुवातीची तारीख लागते.

आणि पालकांनो, खरा अर्ज देताना दोन प्रती न्या. एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट, आणि ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.