दोन डगरींवर पाय

गेल्या रविवारी असरच्या नमाजनंतर आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. नवी सांगवीतच राहतो. चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला आहे. एक मुलगी आहे, आणि माशाअल्लाह, घरात दुसऱ्या बाळाची चाहूल आहे. चहा होईपर्यंत तो मुलीच्या शाळेचेच बोलत राहिला. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, आता जमत नाही. उद्या राजीनामा देतो. मग निवांतपणे दुसरी नोकरी शोधीन."

आम्ही विचारले, "का रे? साहेब त्रास देतात?"

"साहेब चांगले आहेत. तोच तर त्रास आहे."

मग हळूहळू सगळे बाहेर आले. सात-आठ महिन्यांपासून तो दुसरी नोकरी शोधतोय. पहाटे पाचला नाशिक फाट्यावर कंपनीची बस. भोसरी, मोशी करत चाकण. कामावर फोन लॉकरमध्ये. नोकरीसाठी बोलावणारे नेमके सकाळी अकराला फोन करतात. चारनंतर याने उलट फोन केला की उत्तर ठरलेले, "जागा भरली." मुलाखतीला जायचे तर खाडा पडतो, त्या दिवसाचा पगार जातो. एकदा तळेगावला गेला, तीन तास बसवून ठेवले आणि सांगितले, आज साहेब नाहीत. दुसरीकडे सगळे जमले, तर विचारले, "उद्यापासून येता का?" याने महिनाभराची मुदत मागितली, त्यांनी दुसऱ्याला घेतले.

"पण मॅडम, हे सगळे चालते," तो म्हणाला. "सुपरवायझरांनी मला ईदला न मागता सुट्टी दिली होती. त्यांच्यापुढे उभा राहून मी तीन वेळा खोटे बोललो. एकदा दाढ दुखते म्हणालो, तर त्यांनी संध्याकाळी फोन करून विचारले, आता बरे आहे का?"

आम्ही त्याला लगेच काही बोललो नाही, कारण याच रस्त्याने आम्हीही गेलो आहोत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही ज्या विनाअनुदानित शाळेत शिकवत होतो तिथे पगार दोन-दोन महिने थकत असे. आम्ही अनुदानित शाळा शोधू लागलो. वर्षाला बारा किरकोळ रजा. मुलाखती नेहमी कामाच्या दिवशी, शाळेच्या वेळेत. दर वेळी नवे कारण कुठून आणायचे? म्हणून एकच कारण पुरवून पुरवून वापरले, अम्मींची, म्हणजे आमच्या सासूबाईंची तब्येत. चार वेळा अम्मी आजारी पडल्या आणि चारही वेळा त्या घरी बसून मजेत तांदूळ निवडत होत्या. पाचव्या वेळी त्या खरोखर पडल्या. रक्तदाब वाढला, दवाखान्यात ठेवावे लागले. आम्ही मुख्याध्यापिकांना फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग, "पुन्हा अम्मी?"

रजा मिळाली, बिनपगारी. अम्मी चार दिवसांत घरी आल्या, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या दोन शब्दांची शरम आजही गेलेली नाही. मुख्याध्यापिकांचे काही चुकले नव्हते. खरे कारण सांगायची सोय नव्हती, हे खरे. पण अम्मींचे नाव पुढे करण्याची गरजही नव्हती. "खाजगी काम आहे" एवढे लिहिले असते तर ते खरेही होते आणि पुरेसेही होते.

नोकरीत राहून नोकरी शोधणाऱ्याची अडचण बाहेरून दिसते तेवढी नसते. "हातात एक तर आहे ना!" असे लोक म्हणतात. पण त्यातले गणितच अवघड आहे. आमच्या धंद्याचेच घ्या. महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. कायम शिक्षकाला नोकरी सोडायची तर तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते, कायम नसलेल्याला एक महिन्याची. आता शाळा सुरू होते जूनच्या मध्याला. म्हणजे कायम शिक्षकाने मार्चच्या मध्यापर्यंत राजीनामा द्यायला हवा. आणि नव्या शाळा जाहिराती कधी देतात? बहुधा एप्रिल-मेमध्ये. म्हणजे जी नोकरी अजून जाहीरच झालेली नाही तिच्या भरवशावर हातातली सोडायची! हिंजवडीतल्या संगणक कंपन्यांत काम करणारी आमची भाचेमंडळीही हेच सांगतात. जुनी कंपनी नव्वद दिवस सोडत नाही आणि नवीला माणूस पंधरा दिवसांत हवा असतो.

त्यात वय. सरकारी भरतीला खुल्या प्रवर्गासाठी साधारण ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षांची मर्यादा. शिक्षकभरतीसाठी पवित्र पोर्टल आले, त्याची अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. पाच वर्षांच्या त्या खंडात कितीतरी जणांचे वय निघून गेले. आणि अनुदानित शाळेत नेमणूक मिळाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढायची. मानधन जानेवारी २०२३ पासून वाढले, ते प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये. पंधरा वर्षे शिकवलेल्या माणसाने पुन्हा पहिलीत बसायचे! आम्ही दोन ठिकाणी निवडले गेलो आणि घरभाडे व मुलांची फी मांडून दोन्ही नाकारल्या. तिसऱ्या ठिकाणी अर्जासोबतच सध्याच्या शाळेचे ना हरकत पत्र मागितले. ते मागायचे म्हणजे आपल्या हाताने दवंडी पिटायची. तिथे अर्जच केला नाही.

या सगळ्यात माणूस दोन डगरींवर पाय ठेवून उभा असतो. इथले काम मन लावून होत नाही, तिथले हाती येत नाही. घरी आला की "काही झाले का?" हा प्रश्न दारातच उभा. एका टप्प्यावर वाटते, एक डगर सोडून दिलेली बरी. आमचा विद्यार्थी त्याच टप्प्यावर आला होता.

आम्ही त्याला पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की दुसरी नोकरी शोधणे ही बेइमानी नाही. आपल्याकडे काही लोकांना वाटते की अर्ज करणे, स्वतःची लायकी स्वतः सांगणे म्हणजे कमीपणा किंवा गर्व. सूरह यूसुफ आठवा. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी मिसरच्या बादशहाकडे कोठारांची जबाबदारी स्वतः मागितली, आणि आपण राखण करणारे व जाणकार आहोत हेही सांगितले. हलाल रोजी चांगली व्हावी म्हणून धडपडणे यात लाजण्यासारखे काही नाही.

पण ज्या नोकरीचा पगार आपण घेतो तिचे तास ही अमानत आहे, शेवटच्या दिवसापर्यंत. यंत्रावर उभे राहून मनात अर्ज लिहायचे नाहीत. वर्गात मुले बसवून फोनवर जाहिराती चाळायच्या नाहीत. तो आम्ही केलेला दुसरा गुन्हा, तोही कबूल करतो. आणि खोटे कारण द्यायचे नाही. दाढ, अम्मी, दूरच्या नात्यातली मय्यत, यांना मध्ये आणायचे नाही. खाजगी काम, एवढेच. फोन करणाऱ्यांना अर्जातच लिहून ठेवायचे, "चार वाजल्यानंतर फोन करावा." काही जण करणार नाहीत. पण जे करतील ते माणसाच्या वेळेची कदर करणारे असतील, हेही कळेल.

दुसरी गोष्ट हिशेबाची. आम्ही कागद घेतला आणि त्याला विचारत गेलो. पगार २१,००० च्या आत आहे, म्हणून ईएसआय लागू आहे. घरात बाळंतपण यायचे आहे. हप्ता थांबला की पुढे ते संरक्षणही संपेल, मग खाजगी दवाखान्याचे बिल कोण भरणार? पीएफ सुरू आहे का? आहे. मग नोकरी बदलताना तो काढून खायचा नाही, त्याच यूएएन क्रमांकावर नव्या ठिकाणी वळवायचा. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, आणि मध्येच पैसे काढले तर मागची वर्षे हिशेबातून जातात. आणि ग्रॅच्युइटी? १९७२ च्या कायद्यापासूनचा नियम असा, की पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर, वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन. याला किती वर्षे झाली? चार वर्षे आठ महिने! मध्ये एकदा ठेकेदार बदलला होता. म्हणून सेवा सलग धरली आहे की तुटली, हे नियुक्तिपत्रावरून आणि पीएफच्या नोंदींवरून तपासायला सांगितले. हे न बघताच तो सोमवारी राजीनामा देणार होता.

शिक्षक वाचकांसाठी इथे एक सांगतो. ग्रॅच्युइटी शिक्षकांना नाही, असे अजूनही काही संस्थांत सांगितले जाते. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकही त्या कायद्यात आले, तेही ३ एप्रिल १९९७ पासून, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. राजीनाम्याचीही रीत आहे. दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख, एक टपालाने रजिस्टर करून संस्थेला आणि दुसरी आपल्यापाशी. कोणी कोऱ्या कागदावर किंवा तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर सही मागितली तर देऊ नका. आणि पूर्वसूचनेचे दिवस कमी पडत असतील तर तेवढ्या मुदतीचे मूळ वेतन भरून लवकर मोकळे होण्याची तरतूद नियमात आहे, पण त्याला संस्थेची मान्यता लागते. चांगल्या संबंधांचा उपयोग तिथे होतो.

विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, इस्तिखारा केला होता." आम्ही म्हणालो, जरूर कर, पुन्हा कर. पण उंट बांधण्याची हदीस आपल्या घराघरांत ठाऊक आहे. नव्या नोकरीचे पत्र हातात येणे, त्यात पगार आणि रुजू व्हायची तारीख लिहिलेली असणे, हे उंट बांधणे झाले. तोंडी "या हो, बघू" यावर राजीनामा देणे हा तवक्कुल नव्हे.

आता दोन शब्द घरच्यांसाठी. ज्या घरात कोणी असा शोध घेत असेल तिथे रोज विचारू नका. आठवड्याचा एक दिवस ठरवा, त्या दिवशी तोच सांगेल. आणि बातमी उंबऱ्याच्या आत ठेवा. वलीम्यात बिर्याणी वाढताना "आमचा आता दुसरीकडे लागणार" असे सहज निघून जाते, आणि सांगवी ते चाकण हे अंतर अशा बातमीला लांब नाही.

आणि दोन शब्द त्यांच्यासाठी, जे नोकऱ्या देतात. आपल्या वाचकांत दुकानदार आहेत, वर्कशॉपवाले आहेत, शाळांचे विश्वस्तही आहेत. मुलाखत रविवारी किंवा संध्याकाळी ठेवता येते. त्यात तुमचा एक तास जातो, समोरच्याचा खाडा वाचतो. ना हरकत पत्र निवड झाल्यावर मागा, अर्जासोबत नको. जो माणूस "मला जुन्या मालकाला महिनाभर आधी सांगावे लागेल" असे म्हणतो त्याला नाकारू नका. उद्या तो तुमच्याकडूनही असाच नीट सांगून जाईल. आणि आपल्याकडचा कोणी दुसरीकडे बघतोय असे कानावर आले तर त्याला आधी गद्दार ठरवू नका. त्याचा पगार वेळेवर होतो का, ते एकदा बघा.

विद्यार्थी मगरिबच्या आधी उठला. राजीनामा सध्या देत नाही म्हणाला. निदान पाच वर्षांचा प्रश्न तपासून घेतो, बाळंतपण होऊ देतो, अर्ज मात्र चालू ठेवतो. मग दारात चपला घालता घालता विचारले, "सुपरवायझरांना दाढेचे सांगू का, खोटे होते म्हणून?"

आम्ही म्हणालो, ते तुझे तू ठरव. पण ज्या दिवशी नवे पत्र हातात येईल, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना सांग. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत, समोर उभे राहून.

आम्हाला ते जमले नव्हते. ती शाळा आम्ही पुढे सोडली, रीतसर पूर्वसूचना देऊन. पण मुख्याध्यापिकांना बातमी आमच्या आधी कारकुनाकडून कळली होती. निरोपाच्या दिवशी त्यांनी आम्हाला एक पेन दिले आणि विचारले, "अम्मी कशा आहेत आता?" त्या मनापासूनच विचारत होत्या. आम्हाला मान वर करता आली नाही.