घरची जुनी मोटार आणि पेट्रोलची बाटली

जुनी मोटार दारात उभी असणे ही एके काळी श्रीमंतीची खूण होती. आज ती हौसेची खूण झाली आहे. २०२३ च्या जानेवारीत आमच्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा मानाच्या मोटारींची निगा राखावयास जाणते कारागीर असतात. सामान्य घरांत मात्र आजोबांच्या वेळची एखादी फियाट किंवा ॲम्बॅसॅडर असते, तिचा मालक हाच तिचा मिस्त्री असतो, आणि रविवारी सकाळी त्याच्या हाताखाली आठवी-नववीतील एखादे चिरंजीव पाना धरून उभे असतात. प्रस्तुत लेखाची चिंता मोटारीविषयी नसून त्या चिरंजीवांविषयी आहे.

मोटार उघडून पुन्हा जोडली की ती पहिल्या किल्लीला मुकाट्याने सुरू होईल, असे सहसा घडत नाही. ती खोकते, गुरगुरते, आणि मध्येच तोफेसारखा एक बार काढते. यालाच बॅकफायर म्हणतात. शेजारची कुत्री पळतात, गॅलरीतून माणसे डोकावतात, आणि घरातील मंडळी हसतात. या हसण्याविषयी मला दोन शब्द लिहावयाचे आहेत. कारण ज्या बाराला आपण हसतो तो ज्वाळेचा बार असतो, आणि ज्वाळेला विनोद कळत नाही.

चार धावांच्या इंजिनाची आकृती आपण सर्वांनी वहीत काढलेली आहे. पहिल्या धावेत हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत पेटते, चौथीत धूर बाहेर पडतो. मिश्रण पेटते त्या वेळी दोन्ही झडपा बंद असणे हे यातील मर्म. जर ठिणगी अवेळी पडली आणि आत येणारी झडप उघडी असली, तर ज्वाळा आल्या वाटेने मागे धावते व कार्ब्युरेटरच्या तोंडातून बाहेर पडते. घरच्या दुरुस्तीत हे फार सहज घडते. फियाट काय किंवा ॲम्बॅसॅडर काय, दोहोंचा पेटण्याचा क्रम १-३-४-२ असा आहे. प्लगच्या दोन तारांची अदलाबदल झाली की तो क्रम मोडलाच. डिस्ट्रिब्यूटरची गोष्ट आणखी फसवी. इंजिनाचा दांडा दोन फेरे घेतो तेव्हा डिस्ट्रिब्यूटर एक फेरा घेतो. म्हणजे पुलीवरील खूण जुळण्याचे प्रसंग दोन येतात, आणि त्यांतील एकच खरा असतो. दुसऱ्यावर भरवसा ठेवून डिस्ट्रिब्यूटर बसविला, तर पहिला दट्ट्या वर असताना ठिणगी पडते खरी, पण ती धूर जाऊन नवे मिश्रण आत येण्याच्या संधिकाळात पडते. मिश्रणात पेट्रोल कमी असले तरीही तोच प्रकार. कारण पातळ मिश्रण सावकाश जळते, आणि पुढील झडप उघडेपर्यंत आत विस्तव शिल्लक राहतो.

सायलेन्सरमधून निघणारा बार हा याचा चुलतभाऊ. न जळलेले पेट्रोल मागील नळीत साचते व तेथे पेटते. त्याने सायलेन्सर फुटतो, कान बधिर होतात, पण तोंड भाजत नाही. मोटारसायकलीतून असे फटाके मुद्दाम काढीत जाणारे तरुण रस्त्यावर दिसतात. त्यांची हौस मला कळत नाही. इंजिनाचा दोष हा त्यांचा अलंकार झालेला आहे. असो.

खरा धोका समोरच्या बाजूस, बॉनेटखाली आहे. तेथे आपल्याकडे एक वाईट चाल पडून गेली आहे. गाडी सुरू होत नाही असे पाहून हवेच्या गाळणीचा डबा काढून ठेवतात, आणि मुलाच्या हाती बाटली देऊन सांगतात, “मी किल्ली फिरवतो, तू वरून थोडे थोडे पेट्रोल सोड.” मुलगा नीट दिसावे म्हणून वाकतो. म्हणजे पेट्रोल, ज्वाळेचे तोंड आणि मुलाचे तोंड ही तिन्ही एका रेषेत येतात! पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते. बडोद्याच्या मे महिन्यात तिची काय अवस्था असेल, हे सांगणे नको. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे उडून न जाता खाली साचते. आमच्या परिचयातील एका घरी याच कामात मुलाच्या भुवया व कपाळावरचे केस गेले. डोळे वाचले. घरच्यांनी ती हकीकत पुढे कित्येक दिवस पाहुण्यांना हसत हसत सांगितली, आणि मुलगाही हसत असे. बाटली हातातून सुटून अंगावर सांडली असती, तर ती हकीकत कोणी सांगितली नसती.

हातात बाटली देणारे वडील निष्ठुर असतात असे मुळीच नव्हे. त्यांनीही लहानपणी तेच केलेले असते, आणि त्यांना काही झालेले नसते. पण परंपरा म्हणून ज्या गोष्टी आपण पुढील पिढीच्या हाती देतो, त्यांत ही एक वस्तू नसली तर कोणाचे काय अडणार आहे? किल्ली फिरवून दोन-चारदा सुरू झाली नाही की ठिणगीची वेळ तपासावी. पेट्रोल ओतून चुकीची वेळ बरोबर होत नाही. आणि गाळणीचा डबा जागेवर असू द्यावा, कारण मागे आलेल्या ज्वाळेला तो बराच अडथळा करतो. अमेरिकेत १९४० च्या एप्रिलपासून पेट्रोलवर चालणाऱ्या बोटींच्या आतील इंजिनांवर अशी ज्वालारोधक योजना कायद्यानेच सक्तीची आहे. बोटीवरून पळून जावयास जागा नसते, म्हणून तेथे शहाणपण लवकर आले असावे.

हँडल मारण्याची वेळ आता क्वचितच येते. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला, आणि पुढे हँडल अडगळीत गेले. तरीही फार जुन्या गाड्यांत ते आहे. ठिणगी लवकर पडली की हँडल उलटे फिरून मनगटावर आदळते. अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडण्याच्या त्या प्रकाराला इंग्रजी वैद्यकात आजही शोफरचे नाव आहे. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीने वेढू नये, आणि हँडल खाली दाबण्याऐवजी वर ओढावे.

इतके वाचून एखादी माउली म्हणेल, “मग मुलांना त्या गाडीजवळ जाऊच देऊ नये.” या मताशी मी सहमत नाही. ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ नियमांनंतर नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. जे यंत्र उघडून डोळ्यांनी पाहता येते, ज्याची चूक कानांनी ऐकू येते, असे यंत्र पुढील पिढीस मिळणे कठीण आहे. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८९० साली हाताच्या विद्येसाठी कलाभवन उभारले, त्या गावच्या मुलांना पान्यापासून दूर ठेवणे शोभत नाही. मुलाने पॉइंटमधील फट मोजावी, तारांचा क्रम लावावा, प्लग साफ करावेत. किल्ली फिरविण्याच्या वेळी मात्र त्याने बॉनेटपासून चार पावले दूर, कोरड्या पावडरीचे अग्निशामक किंवा वाळूची बादली जवळ घेऊन उभे राहावे. पाणी नको, पेट्रोल पाण्यावर तरंगते व आग पसरते. भाजलेच, तर त्या जागेवर मात्र नळाचे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे, दंतमंजन वा शाई लावू नये.

याबाबतीत शाळेलाही एक गोष्ट करता येईल. हंफ्रे डेव्ही यांनी १८१५ साली खाणकामगारांसाठी जो दिवा केला, त्याचे तत्त्व आणि बोटीवरील त्या ज्वालारोधकाचे तत्त्व एकच आहे: बारीक जाळी ज्वाळेची उष्णता शोषून घेते, म्हणून ज्वाळा पलीकडे जात नाही. वायूच्या बर्नरवर तारेची जाळी धरून वरच्या बाजूने काडी लावली, तर ज्योत जाळीच्या वरच राहते, खाली उतरत नाही. नववीच्या वर्गाला हे एकदा दाखवावयास पाच मिनिटे पुरतात, आणि बर्नर व जाळी या दोन्ही वस्तू प्रयोगशाळेच्या कपाटात असतातच.